चौकटीमागचा ळ

बुधवारच्या जुन्या बाजारातून एकानं आणली:
सागवानी चौकट, कोपऱ्यांत द्राक्षांचे घोस.
म्हणाला, आरसा बसवायचाय, आतलं चित्र काढून टाका.
काढलं.
टाकलं नाही.

मागचा पुठ्ठा कसरीनं जाळी केलेला,
खिळे गंजून लाकडाचेच झालेले.
वडलांनी शिकवलं होतं, जुना खिळा ओढायचा नसतो,
समजूत घालायची असते.
अर्धी दुपार घातली.

कागदावर संगमाचा घाट.
एक बाई पाठमोरी, कासोटा घट्ट, दोन्ही हात वर,
धोतर दगडावर आपटायच्या जरासं आधी.
पाणी अजून उडालेलं नाही.
शंभर वर्षं ते धोतर वरच आहे.

खाली सही, एच. प्रिडो.
एच म्हणजे हेन्री समजा, ह्यू समजा,
तिनं समजू दिलं असणार.
खरं नाव मागे, शिसपेनीनं, फक्त भिंतीला दिसेल असं:
हेस्टर. खडकी, मार्च १९१७.
बारा रुपये. त्यावर काट. सात.

त्याखाली इंग्रजीत पुसट दोन ओळी,
भाचीनं भिंग धरून लावल्या:
बोट बुडाली, तिच्याबरोबर माझे रंगही.
आभाळासाठी कोंडाबाईनं चिमूटभर नीळ दिली, पैसे घेतले नाहीत.

म्हणजे साहेबांच्या सदऱ्यांना द्यायची नीळ
इथं आभाळभर पसरली आहे.
ओला कापूस कडेला टेकवला, लगेच बोटाला लागली.
मग नीट पाहिलं तर पाठमोऱ्या बाईच्या काठातही तीच.
जिची तिला परत, थोडी.

पण मला झोपू दिलं नाही ते डावीकडच्या कोपऱ्यानं.
तिथं ती मराठी गिरवत होती.
नील. नीड. नीर. प्रत्येकावर रेघ.
जीभ टाळूपर्यंत जाऊन माघारी येत असेल
आणि घाटावर बायका तोंडाला पदर लावत असतील.
मग नुसताच ळ. ळ. ळ.
एक चष्म्यासारखा,
एक आडवा झोपलेला इंग्रजी आठ,
एक तर चक्क शेजारी ठेवलेले दोन कांदे.
आणि सगळ्यांत खाली एक दुसऱ्याच हाताचा,
ठसठशीत, शेपूट हवी तिथं सोडलेला.

कोणाचा?
कोंडाबाईला अक्षर येत नसणार.
तिचा मुलगा शाळेत जात असेल. किंवा एखादा मुनशी.
की येतच असेल कोंडाबाईला.
मी कोण ठरवणारी.

तेव्हापासून हातात गोंद असला तरी मोजत बसते:
निळा, काळा, पिवळा, जांभळा, सावळा.
आपले निम्मे रंग या एका अक्षराच्या आधारानं उभे.
तिच्या तोंडात ते बसत नव्हते.
हातात बसले.

खडकीच्या दफनभूमीत जाऊन आले, स्कूटर फाटकाशी लावून.
माळी म्हणाला, आहे एक प्रिडो, चिंचेखाली.
मेजर प्रिडो यांची लाडकी बहीण. १९१८.
साथीचा ताप असावा, त्या वर्षी घरं रिकामी झाली होती.
चित्रं काढायची, असं दगडावर कुठं नाही.
नावावरचं शेवाळ नखानं खरवडलं,
खरवडता खरवडता लक्षात आलं
की यातही आहे.
आणि एकटीच मोठ्यानं हसले, माळी बघत राहिला.

गिऱ्हाईक आरसा घेऊन गेलं, खूश.
चित्राला मी अजून चौकट केलेली नाही.
केली की मागची बाजू पुन्हा भिंतीकडे.
दुकानात फळीवर टेकवून ठेवते,
कधी घाट समोर, कधी ते दोन कांदे.

परवा एकानं विचारलं, विकायचंय का?
म्हटलं, कोणती बाजू?
त्यानं आभाळाकडे बोट दाखवलं.
म्हटलं, ते उसनं आणलेलं आहे.